झुंबऱ्याचा डावा कान

माझ्या बायकोचं म्हणणं असं, की एकाहत्तराव्या वर्षी माणसाने मीठ आणि राग या दोन गोष्टी कमी कराव्यात. मीठ मी कमी केलं. राग कमी होत नाही, कारण तो मी घरी बनवत नाही. तो बाहेरून तयार येतो. त्या रविवारी तो सकाळी साडेनऊ वाजता माझा पुतण्या कैलास याच्या मोटारसायकलवर बसून कान्ह्याकडून लोणावळ्याला आला. मागे कैलासची मुलगी यशोधरा, तिच्या मांडीवर लॅपटॉप. राग बिचारा दोघांच्या मध्ये चेंगरूनच आला असणार, म्हणून घरात शिरल्या शिरल्या इतका फुगला.

कैलासने चहाला हातही लावला नाही.

"आबा, तुमी घरातले कलावंत. काय ते तुमीच सांगा. हिचा पुण्याला ग्राफिक डिझायनिंगला नंबर लागलाय. पुढच्या सोमवारपातुर फी भरायची, न्हाईतर जागा गेली. आन् हिला चित्र काढता येत न्हाई."

"अजिबात?"

कैलासने पुरावा आणला होता. खिशातून चार घड्यांचा एक कागद काढून त्याने टीपॉयवर पसरला. आठवीत एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीला काढलेलं चित्र.

"कुकर बरा आहे," मी म्हणालो. "शिट्टी जरा कललीय."

"मोर आहे तो," यशोधरा म्हणाली.

आता मी घरातला कलावंत कसा, हे सांगायला हवं. लोक त्याला थाप म्हणतात म्हणून तर सांगायलाच हवं. मी रेल्वेत गार्ड होतो. सत्त्याऐंशी साली खंडाळ्याच्या बोगद्यापाशी धुक्यात माझा हातातला दिवा पडून फुटला. मागून मालगाडी येत होती. मी खिशातला लाल खडू काढला आणि बोगद्याच्या भिंतीवर दिवा काढला. ड्रायव्हरने तो बघून ब्रेक मारला, खाली उतरला आणि त्या दिव्यावर बिडी पेटवायला गेला. यातली बिडी मी नंतर घातली असं माझी बायको अनिता म्हणते. अनिता तिथे नव्हती. तेव्हापासून आमच्या घराण्यात रंगाचा डबा घ्यायचा असला तरी मला विचारतात.

"ज्याला रेघ मारता येत नाही, त्याने डिझायनर होणं म्हणजे पोहता न येणाऱ्याने होडी चालवणं," मी निकाल दिला.

"होडी चालवायला पोहता कशाला यायला हवं, आबा? ग्राफिक डिझाइनमध्ये मोर काढायचा नसतो. मोर कुठे ठेवायचा, केवढा ठेवायचा, शेजारी अक्षर कसलं घ्यायचं, ते ठरवायचं असतं."

"मोर कुठे बसणार ते मोर ठरवतो."

"आणि तुम्हाला तरी कुठे पोहता येतं?" अनिताने स्वयंपाकघरातून विचारलं. तिचं या चर्चेत काय काम होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

एवढ्यात समोरच्या ब्लॉकमधले प्रदीपराव आले. प्रदीपराव बँकेतून निवृत्त झाले, पण सल्ला देण्यातून निवृत्त झालेले नाहीत. उघडं दार हे ते लेखी निमंत्रण समजतात. "अहो, आता चित्र कोण काढतंय? एआयला सांगायचं. मी परवा सोसायटीच्या हळदीकुंकवासाठी त्याच्याकडून पाच बायका काढून घेतल्या. सुरेख! फक्त एकीला सहा बोटं होती. ती मी वाणाच्या ताटाखाली घेतली."

प्रदीपराव यशोधराच्या बाजूने बोलत आहेत असं दिसल्यावर मला माझ्या बाजूला राहणं भागच होतं. भांडण वाढलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. ती आमच्याच घरातली. शेवटी मी तोडगा काढला. कान्ह्याजवळच्या आमच्या वाडीची यात्रा पुढच्या रविवारी होती. यात्रेत बैलगाडा शर्यत. कैलासच्या झुंबऱ्या बैलाचा फ्लेक्स दरवर्षी बाहेरून करून आणतात, तो या वर्षी पोरीने करावा. गावाने मान डोलावली तर सोमवारी फी भरायची. नाही तर तळेगावला बी.कॉम.

"चालंल," कैलास म्हणाला. "पर निकाल आबा देतील."

पोरीने माझ्याकडे बघितलं. अशा नजरेने फाटकवाल्याकडे लोक बघतात, गाडी दिसत नसताना फाटक बंद असलं की.

मी देखरेखीसाठी वाडीवर मुक्कामाला गेलो. देखरेख करा असं मला कोणी म्हणालं नव्हतं. पण न्यायाधीशाने घटनास्थळी असावं.

झुंबऱ्या म्हणजे पांढराशुभ्र बैल, फक्त डावा कान शाईत बुचकळल्यासारखा काळा. शर्यतीत जुंपतात तोही कायम डाव्या बाजूला. त्याचा सख्खा भाऊ, त्याच गाईचा, शेजारच्या गावात विक्की नावाच्या माणसाकडे आहे. तो बुलेट. तोही पांढराशुभ्र, त्याचा उजवा कान काळा, आणि तो पळतो उजवीला. बाकी शिंगापासून शेपटीपर्यंत फरक शोधून सापडायचा नाही. या दोन कानांवरून दोन गावांत गेली चार वर्षं सोयरीक झालेली नाही.

यशोधरा सोमवारी सकाळी गोठ्यात जाऊन बसली. मंगळवारीही बसली. मोबाइल घेऊन कधी बैलाच्या डोळ्याच्या उंचीला वाकायची, कधी शेणात गुडघा टेकायची, आणि बराच वेळ तर काहीच न करता नुसती बघायची. मला हे बघवेना. मी वही घेऊन तिच्या शेजारी स्टूल टाकलं आणि पंधरा मिनिटांत झुंबऱ्या कागदावर उतरवला. बैलाकडे बघायची मला गरज लागली नाही. बैल मला पाठ आहे.

कैलासची आई शालूबाई, म्हणजे माझी थोरली वहिनी, वैरण घेऊन आली. तिने कागद हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला.

"तलाठी व्हय, भावजी? नाक आक्षी तसंच आलंय."

मी वही मिटली. खेड्यात कलेची जाण नाही हे मी आधीपासून म्हणत आलो आहे.

बुधवारी पहिला नमुना झाला आणि वाडीने सल्ल्याचं गोदाम उघडलं. आमच्याकडे फ्लेक्स म्हणजे शुभेच्छुक. बैल कोणाचाही असो, खाली पासपोर्ट फोटो गावाचे. गुरुवारपर्यंत बेचाळीस फोटो जमले. एकाने लग्नातला दिला, फेट्यासकट. एकाने गॉगलवाला आणि बिनगॉगलचा असे दोन दिले आणि म्हणाला, दोन्ही टाक, लोकांना वळखायला बरं. यशोधराने बेचाळीसच्या बेचाळीस डोकी बसवली, कागदावर छापून कडुलिंबाला टांगली आणि मंडळींना पार रस्त्याच्या कडेपर्यंत मागे नेलं.

"आता सांगा, इथून काय दिसतं?"

मंडळींनी डोळे बारीक केले.

"मतदार यादी दिसतीया," एक जण म्हणाला.

"आन् बैल कुटं गेला?" दुसऱ्याने विचारलं.

मग तिने दुसरा कागद टांगला. एकटा झुंबऱ्या, डावीकडे तोंड करून, मान खाली, कान मागे, आता सुटेल असा. शेजारी जाड पिवळ्या अक्षरांत नाव आणि खाली एकच ओळ: समस्त ग्रामस्थ. शालूबाईने कागदावरच्या बैलावरून हात उतरवून कानाशी बोटं मोडली.

मला ते आवडलं. आणि आवडलं म्हणूनच मला भयंकर राग आला. ज्या माणसाचा बैल तलाठ्यासारखा दिसतो, त्याने कुकरसारखा मोर काढणाऱ्या पोरीकडून हे बघून घ्यायचं?

रागाला थोडा वेळ ग्रामपंचायतीत जागा मिळाली. फ्लेक्स लावायला परवानगी लागते. ग्रामसेवकांनी अर्ज वाचला, नमुना पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

"रकाना सात. फलकावरील छायाचित्रातील व्यक्तीची लेखी संमती."

"साहेब, बैल आहे," मी म्हणालो.

"ते दिसतंय मला. रकाना मोकळा सोडता येत नाही. वरून परत येतो."

"त्याला सही येत नाही."

"अंगठा?"

मी एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेली असल्याने मला अशा वेळी काय बोलू नये ते ठाऊक आहे. मी ते सगळं बोललो. शेवटी कैलासने रकाना सातमध्ये 'अज्ञान असल्याने पालकाची सही' असं लिहून सही केली आणि ग्रामसेवकांनी समाधानाने शिक्का मारला, तो नेमका झुंबऱ्याच्या तोंडावर. पोचल्याची पावती म्हणून जी झेरॉक्स मिळाली, त्यात बैल दरोडेखोरासारखा तोंड बांधून उभा होता.

शुक्रवारी यशोधराने कामशेतला अबरारच्या दुकानात फाईल नेऊन दिली. अबरार फ्लेक्स छापतो. मापाचा पक्का, कमी बोलणारा माणूस. शनिवारी सकाळी छपाई होती आणि मी सहज तिकडे गेलो. इथे वाचकांनी 'सहज' या शब्दावर विश्वास ठेवू नये.

स्क्रीनवर झुंबऱ्या होता. आणि मला एकदम चूक सापडली. अहाहा! आठवडाभर उपाशी असलेल्या माणसाला पिठलं दिसावं तशी दिसली. बैल डावीकडे बघत होता आणि नाव होतं उजवीकडे. म्हणजे बैलाची पाठ स्वतःच्या नावाकडे! चित्रात आकृतीने नेहमी आत बघावं, हे आम्हाला शाळेत ड्रॉइंगच्या मास्तरांनी छडीने शिकवलं होतं.

"अबरार, याचं तोंड इकडे कर."

"आबा, ताईंनी बजावलंय. काहीही हलवायचं नाही."

"ताईला चित्रकला कोणी शिकवली? मी."

ही थाप होती. पण अबरार मोठ्यांचा मान राखणारा आहे. हा त्याच्यातला एकच दोष. त्याने एक बटण दाबलं आणि बैल वळला. आयुष्यात मी बैलाला इतक्या मुकाट्याने वळताना पाहिलेलं नाही. ना कासरा, ना शिवी. आता तो नावाकडे बघत होता. मी समाधानाने चहा मागवला. माझ्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. थोडंसं होतं. गावाने मान डोलावली की मग हळूच सांगायचं, बैल मी सुधारला म्हणून, एवढंच होतं.

रविवारी सकाळी सात वाजता घाटाच्या, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या तोंडाशी वीस फुटी फ्लेक्स चढला. समोरून कोवळं ऊन पडलेलं. खाली सगळी वाडी जमलेली. कैलास नवा सदरा घालून उभा. शालूबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढे झाली, वर बघितलं आणि थांबली.

"ह्यो आमचा न्हाई."

"आई, आसं काय करती?"

"आरं, मी त्याला दोन टाइम खायाला घालती. ह्यो आमचा न्हाई. कान बघ की. ह्यो विक्कीचा बुलेट हाय!"

असा सन्नाटा मी फक्त गाडी रुळावरून उतरल्यावर ऐकलेला आहे. उजवा कान काळा. उजवीकडे तोंड. वीस फुटी कापडावर लिहिलेलं 'झुंबऱ्या' आणि शेजारी उभा विक्कीचा बैल. चित्र फिरवलं की कानही फिरतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बैल मला पाठ होता ना.

बातमी शेजारच्या गावात फोनशिवायच पोचली असावी, कारण दहा मिनिटांत विक्की स्वतः हजर. त्याने फ्लेक्ससमोर नारळ फोडला, सेल्फी काढला आणि कैलासचे दोन्ही हात हातात घेतले.

"कैलासभाऊ, मानलं तुमाला. आमच्या बैलाचा फ्लेक्स, तो बी तुमच्या घाटात, तो बी तुमच्या खर्चानं! येवढं मन मोठं पायजे."

कैलास पांढरा झाला, मग लाल झाला. तो यशोधराकडे वळला. पोरगी फ्लेक्सकडे एकटक बघत होती. रडत नव्हती.

"बास," कैलास म्हणाला. "घरचा बैल वळखू येत न्हाई तुला. जगाचं काय करशील? आबा म्हणत व्हते तेच खरं. उद्या तळेगाव."

याच क्षणाची मी आठवडाभर वाट बघत होतो. मी जिंकलो होतो. इतकं घाणेरडं जिंकणं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. राग आला, आणि तो कोणावर काढावा म्हणून चौफेर पाहिलं तर माझ्याशिवाय कोणीही लायक दिसेना.

"कैलास, थांब," मी म्हणालो. "बैल मी फिरवला. काल दुकानात. तिने बरोबरच केला होता."

कैलासने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आबा, ऱ्हाऊ द्या. पोरीची बाजू घ्यायला कशाला थाप मारता?"

"अरे, थाप नाही!"

"बोगद्यातला दिवा निराळा आन् ह्ये निराळं. लोकं हसत्यात."

लोक खरंच हसत होते. 'आबांनी बैल फिरवला! एका बोटानं!' मी आयुष्यभर जे जे सांगितलं ते या लोकांनी माना डोलावून ऐकलं. बिबट्याला मी तिकीट विचारलं होतं, हेसुद्धा ऐकलं. आणि आज छातीवर हात ठेवून खरं बोलतोय तर टाळ्या! मी ओरडलो, शपथा घेतल्या, अबरारला फोन लावला. अबरारचा फोन लागेना; घाटाखाली रेंज नाही. माझा आवाज इतका चढला की जुंपायला आणलेले दोन बैल बिथरले आणि मला बाजूला व्हायला सांगण्यात आलं. मला! न्यायाधीशाला!

तेवढ्यात यशोधरा कोणाला न विचारता चालत फ्लेक्सच्या मागे गेली. तिकडून हाक आली.

"आजी! इकडे ये. मागून बघ."

शालूबाई ताट घेऊन मागे गेली. आणि तिने घातलेली हाक कान्ह्याच्या स्टेशनात ऐकू गेली असेल. (ही थाप आहे. पण जवळपास गेली असेल.)

"आरं ह्यो बघा! ह्यो माझा झुंबऱ्या!"

सगळी वाडी मागे पळाली. फ्लेक्स स्वस्तातला, समोरून ऊन. कापड आरपार उजळलं होतं आणि मागच्या बाजूला बैल सरळ उभा होता: डावीकडे तोंड, डावा कान काळाकुट्ट, कातडीवर ऊन, आता सुटेल असा. अक्षरं तेवढी उलटी. पण आमच्या वाडीत बैल असताना अक्षरं वाचतो कोण?

"मी असाच ठेवला होता," यशोधरा म्हणाली. "समोरून बघताना घाट डावीकडे वर जातो, म्हणून त्याचं तोंड डावीकडे. डावीला पळतो, म्हणून डावी बाजू. नावाकडे बघून तो काय करणार? त्याला वाचता येतं का?"

मग ती माझ्याकडे वळली. "आबा, खरंच तुम्ही फिरवलात?"

"हो."

"का?"

या प्रश्नाला माझ्याकडे निदान चार सुंदर उत्तरं तयार होती. एकात तर मालगाडीही होती. "तुझं चांगलं झालं होतं म्हणून," मी म्हणालो.

माईकवाल्याने पुकारा केला, की झुंबऱ्याचा फ्लेक्स बघायचा असेल त्यांनी मागल्या अंगाने बघावा. विक्कीला लोकांनी हाताला धरून मागे आणलं. तो कापडाच्या अगदी जवळ गेला आणि म्हणाला, "आमच्या बुलेटचा असा करून देती का गं, ताई?"

कैलास माझ्यासमोर येऊन उभा राहिला. नव्या सदऱ्याची बाही त्याने डोळ्यांवरून फिरवली होती, ते मला दिसू नये अशी त्याची इच्छा होती. "आबा, निकाल तुमीच द्यायचा ठरलाय."

मला कोणी इतकं गप्प राहून कधी ऐकलेलं नाही.

"पोरीला चित्र काढता येत नाही," मी म्हणालो. "ते मी मागे घेणार नाही. तो मोर मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तिला बैल दिसतो. मला एकाहत्तर वर्षांत दिसला नाही. फी भर. आणि उद्या नको, आज भर. माझं डोकं फिरायच्या आत."

कैलासने रेंज शोधत मोबाइल वर धरला आणि टेकाड चढायला लागला. त्याला तसा हात वर करून पळताना बघून काही पाहुण्यांना शर्यत सुरू झाली असं वाटलं.

शर्यत दुपारची होती. यशोधरा म्हणाली, अजून चार-पाच तास आहेत, दुसरा छापून आणू; लोकांनी दिवसभर मागून का बघायचं? मी तिला स्कूटरवरून कामशेतला नेलं. वाटेत ती माझ्याशी बोलली नाही आणि मी तिच्याशी बोललो नाही. दोघंही रागात असलो की आमच्या घराण्यात प्रवास चांगला होतो.

दुकानाच्या पायरीवर ती वळली. "आबा, तुम्ही बाहेर बसा."

मला! मी तोंड उघडलं. मग तिथलं प्लास्टिकचं स्टूल ओढलं आणि बसलो. आत काचेतून दिसत होतं: अबरार मान खाली घालून ऐकतोय आणि ती स्क्रीनला नाक लावून एकेक केस तपासल्यासारखी बघतेय. ऊन डोक्यावर आलं. घशाला कोरड पडली. मी उठलो नाही.

तेवढ्यात विक्कीच्या गावचा एक सफारी घातलेला माणूस आला. शुभेच्छुकच असणार, खिशात पासपोर्ट फोटोंचं पाकीट होतं.

"आबा, जरा सरका. आत काम चाललंय का? दोन मिनटात सांगून येतो, आमच्या फ्लेक्सवर माझा फोटो जरा मोठा करायचा—"

मी स्टूल उचललं, दाराच्या बरोब्बर मध्ये ठेवलं आणि त्यावर ठाण मांडून बसलो.

"कुणीही आत जायचं नाही!" मी असा खेकसलो की काच थरथरली. "आमची डिझायनर बघतीय!"